बोंडूची पट्टी

बोंडू पाण्याच्या डोणीवर वाकला, पण प्यायला नाही. नाक पाण्याला टेकवून तसाच उभा राहिला.

मी मागच्या पडवीत रेवाचे फ्रॉक पिळत होते. कुत्रा पाणी पीत नाही हे मला दिसलं, कारण मला सगळंच दिसतं. निनाद म्हणतो, तुझे डोळे म्हणजे टोलनाक्यावरचे कॅमेरे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद. त्याला हसायला काय जातं! तो वर्षातले आठ महिने जहाजावर. इथे आंबेकातळच्या सड्यावर, या उघड्या कातळमाळावर, दगड उचलला की खाली काहीतरी हलतं, आणि साडेतीन वर्षांची पोर मला सांभाळायची आहे.

बोंडूने मान वर केली. त्याचं तोंड एका बाजूने दुप्पट झालं होतं. जिभेवरून लाळेची तार लोंबत होती आणि ती गुलाबी होती.

"आई!" मी हाक मारली. सासूबाई पुढच्या खळ्यात भाताचे भारे उन्हाला फिरवत होत्या.

तेवढ्यात लक्षात आलं की बोंडू एकटा नव्हता. पाव तासापूर्वी तो रेवाबरोबर गडग्याकडे गेला होता. गडगा म्हणजे परड्याभोवतीची जांभ्या दगडांची कोरडी भिंत, भेगाभेगांची. 'जा, मी इथून बघतेय' असं मीच म्हणाले होते. बघतही होते. कपडे पिळायला वाकले ती दोन मिनिटं सोडून.

रेवा परड्यातून चालत आली. रडत नव्हती. हातात आघाड्याची काडी. डाव्या पोटरीवर शेजारी शेजारी दोन लाल ठिपके, आणि त्यांतून खाली आलेली, सुकलेली रेघ.

"रेवा, हे काय लागलं?"

"बोंडूला टोचलं."

"आणि तुला?"

"मला पण."

बोंडूला भाकरी दिली की ती 'मला पण' म्हणते. बोंडूची गोचीड काढली तेव्हाही तिने पाय पुढे केला होता, 'मला पण.' घरात त्या शब्दांवर आम्ही हसायचो. आता मी तिला उचलून पडवीच्या पायरीवर बसवलं आणि आधी तिचा उजवा घोटा बघितला. पट्टी जागेवर होती. हिरवा दिवा लुकलुकला. हिरवा म्हणजे अंगात विष नाही.

माझा श्वास सुटला. आणि लगेच पुन्हा अडकला, कारण ती पट्टी रेवाची नव्हती. बोंडूची होती.

*

या पट्ट्या आमच्या भागात येऊन दीड वर्ष झालं होतं. सापाचं विष म्हणजे एक पदार्थ नव्हे. वीस-पंचवीस प्रथिनांची ती टोळी असते. कुणी रक्त गोठू देत नाही, कुणी रक्तवाहिन्यांना भोकं पाडतं, कुणी नसांचे निरोप तोडतं. शंभरांहून जास्त वर्षं यावर एकच उपाय होता. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिविषं काढायची आणि माणसाला द्यायची. मग संगणकाने या प्रत्येक विषप्रथिनाचा आकार मोजला आणि त्यावर टोपणासारखी बसतील अशी चिमुकली प्रथिनं आखून दिली. यीस्टच्या टाक्यांमध्ये ती ताकाच्या भावात तयार होऊ लागली. फ्रिज नको, घोडा नको.

माणसांवरच्या चाचण्यांना वर्षं लागतात. जनावरांसाठी परवानगी आधी मिळाली. म्हणून पहिल्यांदा आली ती गाई-कुत्र्यांच्या गळ्यातली पट्टी. तिच्या आतल्या बाजूला खाजकुयलीच्या लवेसारख्या बारीक सुया असतात. त्या कातडीखालचं पाणी चाखत राहतात. विष सापडलं की पट्टी साप ओळखते, पोटातली मात्रा टोचते आणि आसपासच्या घरांना इशारा धाडते. जनावर चावलं जातं तिथेच माणूसही चावला जातो, म्हणून हा इशारा माणसांच्याही कामाचा. एका कुत्र्यामागे एक पट्टी. एका पट्टीत एक मात्रा.

फेब्रुवारीत रेवाच्या बुटात फुरसं निघालं. वीतभर लांब, शेंगेएवढं जाड. त्या दिवशी दुपारी मी बोंडूच्या गळ्यातली पट्टी काढून तिच्या घोट्याला बांधली.

तशी ती निघत नाही. कडी उघडली की तालुक्याला नोंद जाते. पण मी बीएस्सी करून लॅबचा डिप्लोमा केलाय, आठवड्यातून तीन दिवस राजापुरात रक्ताचे नमुने घेते. असल्या वस्तू उघडून बघायची मला खोड आहे. कडीत टाचणी सरकवली की आपण सुटलो हे पट्टीला कळतच नाही. सुयांची चकती दर तीन महिन्यांनी मी न चुकता बदलत होते. लांब मोज्याखाली ती दिसत नसे. उन्हाळ्यात वाडीतल्या आणखी अकराजणींना मी ती टाचणीची युक्ती दाखवली. कुणाच्या पोराच्या दंडाला, कुणाच्या कमरेला. आम्ही त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतो.

बोंडूचं काय, हा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण कुत्रा हुशार असतो, तो साप टाळतो, असं मी मला सांगितलं होतं.

*

रुग्णवाहिकेला फोन लावला. पस्तीस मिनिटं, म्हणाले. पोरीला चालवू नका, पाय हलवू देऊ नका. आमच्याकडे स्कूटर होती. तिच्यावर अशा मुलीला घाटरस्त्याने हिंदकळत नेण्यापेक्षा थांबा, गाडी निघालीय.

दुसरा फोन डॉक्टर तबस्सुम काझींना. त्या आमच्या चार गावांच्या जनावरांच्या डॉक्टर. फोन वरवंट्याला टेकवून उभा केला. पडद्यावर त्या गाडीत बसलेल्या दिसल्या, मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती.

"दाखवा त्याला. जवळ न्या. अजून जवळ." बोंडू आता आडवा झाला होता. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "हिरड्यांतून रक्त येतंय. साप बघितला कुणी?"

"नाही."

"पट्टीने काय सांगितलं? मला इशारा कसा आला नाही?"

मी बोंडूच्या तोंडावरची लाळ पुसली.

"प्रणाली, पट्टी कुठाय?"

मी फोन उचलला आणि रेवाच्या घोट्याकडे वळवला. हिरवा दिवा लुकलुकला.

डॉक्टर काझी एरवी फार बोलणाऱ्या. गाईच्या बाळंतपणातही विनोद करतात. आता त्या पडद्यावर वाकून नुसता तो दिवा बघत होत्या.

"हिच्या पोटरीवर दोन ठिपके आहेत," मी म्हणाले. "पण पट्टी हिरवी आहे. म्हणजे हिला काही झालेलं नाही ना?"

"त्या सुया कुत्र्याच्या मानेच्या सैल कातडीसाठी आहेत. एकोणचाळीस अंश तापमान धरून बसवल्यात. माणसाच्या घोट्यावर त्या काय चाखतात ते त्यांनाही माहीत नाही. मागच्या महिन्यात खाडीपलीकडच्या एका मुलाच्या मनगटाला होती. फुरसं चावलं. पट्टी हिरवीच. आजीने साप डोळ्यांनी बघितला म्हणून पोरगं वाचलं."

"म्हणजे..."

"म्हणजे ती हिरवी आहे याचा अर्थ ती हिरवी आहे. बाकी काही नाही."

आठ महिने मी रोज झोपण्याआधी तो दिवा बघत होते. तो बघितल्याशिवाय मला झोप येत नसे.

"हळद लावू काय गो याला?" सासूबाईंनी विचारलं.

"काही लावू नका, मावशी," फोनमधून आवाज आला. "बांधू नका, चिरू नका, पाणी पाजू नका. गळ्यातला तो चामड्याचा पट्टा आधी सोडा, सूज गळ्याकडे पसरतेय. हलवू नका त्याला. आणि ती पट्टी याच्या मानेला लावा. मी ड्रोनने दुसरी मात्रा धाडतेय, पण सड्यावर वारा आहे, पन्नास मिनिटं धरा. तेवढं तो काढणार नाही."

मी पट्टीला हात लावला. हात तिथेच राहिला.

"डॉक्टर, यातली मात्रा माणसाला चालते?"

"प्रणाली..."

"चालते का?"

"प्रथिनं तीच आहेत. बाजूची लाल फीत ओढली की हातानेही टोचता येते. द्या असंही मी म्हणू शकत नाही आणि नका देऊ असंही. मी ढोरांची डॉक्टर आहे." त्यांनी गाडीची काच वर केली, म्हशीचा आवाज थांबला. "पण ऐका. ती मात्रा तासाभरापुरती असते. चावलं नसेल तर फुकट गेली, आणि हा मेला. चावलं असेल तर अर्धं विष झाकलं जाईल, रुग्णालयात तपासणी चांगली येईल, ते निर्धास्त होतील, आणि संध्याकाळी उरलेलं विष डोकं वर काढेल. तुम्ही लॅबवाल्या ना? मग बघून घ्या चावलंय का."

वीस मिनिटांची चाचणी. डिप्लोमाच्या दुसऱ्या महिन्यात शिकवतात आणि मग विसरतात, इतकी जुनी. शिरेतलं दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस नाहीतर फुरसं.

माझ्या पिशवीत सिरिंज होत्या, सुया होत्या. नळ्या होत्या त्या प्लास्टिकच्या, आणि त्यांत रक्त गोठवणारी भुकटी. काच हवी होती.

"आई, काचेची बरणी! साबण न लागलेली. नवी!"

"नवी कुठली? लोणच्याची..."

"नको, धुतलेली नको. साबणाचा अंश असेल तर रक्त गोठतच नाही."

सासूबाईंनी बोंडूचं डोकं अलगद गोणपाटावर ठेवलं आणि त्या आत पळाल्या. माळ्यावरून खोकी पडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात पुठ्ठ्याची लांबोडकी पेटी होती, वर संक्रांतीचा छाप. आत काचेच्या बोटभर उंचीच्या दोन बरण्या, कागदात गुंडाळलेल्या.

"शेट्यीणबायच्या वाणातल्या. सात वर्षं तशाच हायत. विसळून देऊ?"

"नको! पाणीसुद्धा नको."

रेवाच्या कोपरात सुई घालताना ती किंचाळली. शेकडो मुलांचं रक्त मी घेतलंय, हात कधी हलला नाही. आता सुई आत गेल्यावर मला ओठ चावून धरावा लागला. मग बोंडूच्या पुढच्या पायातली शीर. डॉक्टर काझी सांगत होत्या, मी करत होते. त्याने हूं की चूं केलं नाही. दोन्ही बरण्या पायरीच्या कोपऱ्यात ठेवल्या. डावी रेवाची, उजवी बोंडूची. दहा वाजून एकोणसाठ मिनिटं.

"आता हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मध्येच हलवलंत तर गुठळी मोडेल आणि चुकीचं दिसेल. अकरा एकोणिसपर्यंत फक्त बघा."

बघणं हे माझं काम. पण एवढं लांब मी कधीच बघितलं नव्हतं.

*

रेवा सासूबाईंच्या पदराला धरून बसली होती. "बोंडू झोपला?"

"झोपला, बाय. तू पाय हलवू नको."

"मला पण झोपायचंय."

मी फोन सोडून तिच्या डोळ्यांकडे झेपावले. पापण्या वर करून बघितल्या. जड नव्हत्या. जीभ बाहेर काढ. काढली. माझ्याकडे बघ. बघितलं. सकाळी सहाला उठलेली पोर, अकरा वाजता तिला झोप येतेच. येते ना?

"दे तिला," सासूबाई एकदम म्हणाल्या.

"काय?"

"ती फीत ओढ आणि दे पोरीला. कसल्या बरण्या बघत बसलीयस? कुत्रा कुत्र्याच्या जागी." असं म्हणताना त्यांचा हात बोंडूच्या कानावरून फिरत होता. सासरे गेल्यावर हे कुत्रं त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? विष झाकलं जाईल."

"झाकूदे तर झाकूदे."

"आई, माझ्यामुळे हा असा पडलाय. मी ती काढली, तुम्हाला न सांगता..."

"न सांगता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पोरीला न्हाऊ रोज कोण घालतं? मला काय मोतीबिंदू झालाय?"

माझी नजर रेवाच्या घोट्याकडे गेली.

"त्याच्या गळ्यात तो चामड्याचा पट्टा कुणी बांधला वाटलं तुला? पट्टीच्या योजनेचा माणूस रस्त्यावरून गेला तर लांबून काहीतरी दिसावं, म्हणून मीच बांधला." त्यांचा आवाज बसला. "सांगणार होते तुला. काढ, ज्याची त्याला दे. रोज म्हणायचे, आज सांगते. तोंडातून निघायचं नाय."

अकरा वाजून सात मिनिटं. दोन्ही बरण्यांतलं रक्त सारखंच दिसत होतं, कोकमाच्या आगळासारखं. वरून काहीच कळत नव्हतं. बोट लावून डाव्या बरणीला जरासं, अगदी जरासं तिरपं करावं, असं इतक्यांदा वाटलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

अकरा अकरा. बोंडूच्या छातीचा भाता उथळ झाला. डॉक्टर काझी त्याच्या हिरड्यांचा रंग विचारत होत्या. पांढरट, मी म्हणाले. बोट दाबून सोडा, रंग किती वेळाने परत येतो? चार सेकंद. पाच.

"प्रणाली, अकरा एकोणिसपर्यंत हा राहील असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला काही करा असं म्हणत नाहीये. फक्त सांगतेय."

सासूबाईंनी पदराने बोंडूचा पाय पुसला. मी जिथून रक्त घेतलं होतं तो पाय. पदरावर लाल डाग पडला. त्यांनी पुन्हा पुसला, पुन्हा डाग पडला. गोणपाटावर तिथे ओलं वर्तुळ पसरत होतं. सुईच्या एवढ्याशा भोकातून थेंब थेंब चालूच होता. बारा-तेरा मिनिटं.

मी रेवाचा हात ओढला. कोपरातला कापूस काढला. त्यावर मोहरीएवढा एक ठिपका, वाळून काळपट झालेला. कातडीवर काहीच नाही. मी दाबलं. काही आलं नाही. पोटरीवरचे दोन ठिपके बघितले. त्यांच्यावरही खपली धरली होती, आणि आता नीट बघितल्यावर दोन्ही एकाच दिशेने फरफटलेले दिसले, करवंदीच्या जाळीत ओढला गेल्यावर पाय फाटतो तसे.

दोन अंगं, दोन भोकं, एकाच सुईच्या जाडीची. एक बंद झालेलं, एक उघडं. बरणीत जे घडायचं ते माझ्यासमोर कातडीवरच घडलेलं होतं, आणि मी काचेकडे बघत बसले होते.

"डॉक्टर, हिच्या टोचलेल्या जागी रक्त थांबलंय. पूर्ण. त्याचं थांबत नाहीये."

"किती वेळात थांबलं?"

"कापूस एकदाच भिजलाय. मिनिटभरात असणार."

"ही चांगली खूण आहे. खात्री नाही. चाचणीला अजून सात मिनिटं आहेत. निर्णय तुमचा."

मी टाचणी शोधली नाही. सरळ कडी उघडली. तालुक्याला नोंद गेली असणार, जाऊ दे. रेवाच्या घोट्यावरून पट्टी निघताना बारीक चरचर झाली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"प्रणाली."

"आई, सोडा."

त्यांनी सोडलं. बोंडूच्या मानेवरचे केस मी दोन्ही हातांनी बाजूला केले आणि पट्टी आवळली.

हिरवा दिवा विझला. एक, दोन, तीन, चार. लाल. पट्टीतून फोनवरच्या सूचनांसारखा बाईचा शांत आवाज आला. "घोणस. मात्रा दिली आहे. जनावराला हलवू नका." त्याच क्षणी वाडीभर फोन वाजायला लागले. खालच्या घरातून, पाणंदीपलीकडून. आमच्या गडग्यात घोणस आहे हे पाऊण तासानंतर तीस घरांना कळलं.

मग मी रेवाला मांडीवर घेऊन बसले. तिच्या पायात काही नव्हतं, माझ्या हातात काही नव्हतं. घोणस. फुरसंसुद्धा नाही, घोणस. सात मिनिटांत मी किती वेळा तिचे ओठ बघितले, नखं बघितली, सांगता येणार नाही. सासूबाई देवाचं नाव घेत नव्हत्या. आकडे मोजत होत्या, बोंडूचे श्वास.

अकरा एकोणीस. मी उजवी बरणी आधी उचलली. तिरपी केली. रक्त सरसर काठापर्यंत आलं, पाण्यासारखं.

डावी उचलली. तिरपी केली. अजून तिरपी. उलटी केली. आतलं रक्त खरवसासारखं तळाला धरून राहिलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून बरणी घेतली, स्वतः उलटी केली, आणि तशीच छातीशी धरून बसल्या.

*

गाडी अकरा चोवीसला आली. एकच चाचणी पुरेशी नसते, विष उशिराही दिसतं. म्हणून रेवाला न्यायचंच होतं. मी तिच्याबरोबर गेले, सासूबाई बोंडूपाशी राहिल्या. गाडीचं दार लागताना मला त्या दिसल्या, गोणपाटावर ओणव्या. निरोप द्यायला मान वर केली नाही त्यांनी.

रुग्णालयात काचेच्या खऱ्या नळ्या होत्या. साडेबाराची चाचणी, गोठलं. साडेतीनची, गोठलं. तरुण डॉक्टरांनी रेवाचे पाय उलटसुलट करून बघितले आणि पोटरीवरचे ओरखडे सोडून ते उजव्या घोट्यापाशी थांबले. तिथे गोल कडं उठलं होतं, फिकट, आणि त्यात बारीक टोचांच्या ओळीच ओळी.

"हे कशाचं?"

खोटं बोलायला जागा होती. मोज्याचं इलास्टिक म्हटलं असतं तरी त्यांनी लिहून घेतलं असतं.

"कुत्र्याच्या पट्टीचं," मी म्हणाले. "आठ महिन्यांचं."

त्यांनी लिहायचं थांबवलं. "आणखी कुणाच्या घरात?"

"अकरा. मीच शिकवलं त्यांना."

चार वाजता सासूबाईंचा फोन आला. आधी त्यांनी रेवाला खाल्लं का ते विचारलं. मग म्हणाल्या, "दुसरी मात्रा आली उडत. डॉक्टरीणही येऊन गेली. सूज हाय, मुतात रक्त हाय, दोन दिवस धोका हाय म्हणते. पण मघाशी शेपूट हलवलीन."

मला रडू आलं ते तेव्हा. कॉरिडॉरमधल्या बायका बघायला लागल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "नवी पट्टी महिन्याभरात मिळेल म्हणे. ती त्याच्याच गळ्यात. मी बघीन. मलाही बघायला हवंय."

फोन ठेवला तेव्हा वाडीतल्या आयांच्या गटावर साठ निरोप येऊन पडलेले दिसले. घोणस असल्याचा इशारा सगळ्यांना गेला होता. 'बघा गो, पट्टी कशी बोलली!' 'माझा पण फोन वाजला, केवढा जीव भांड्यात पडला.' 'प्रणाली, तुझ्यामुळे आमच्या पोरांना आहे गो ती.' खाली फुलं, हात जोडलेले.

मी लिहायला घेतलं. सुया, तापमान, मानेची कातडी. तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ज्या बाईला वाचायचं नाही तिला लिहून उपयोग नव्हता. मीही वाचलं नसतं. सुप्रिया गोताडचं घर आमच्या गडग्याला लागून. तिचा शौर्य दोन वर्षांचा. मी तिला फोन लावला.

सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ती त्याच्या दंडाला नुसतीच आहे?"

"नुसतीच आहे. आणि तुमचा राजा कुत्रा उघडा आहे."

"काढते गो. उद्या काढते. घोणस अजून सापडली नाही, आजचा दिवस असू दे."

"आजच नको असायला."

"मग मी आज काय बघून झोपू, प्रणाली? तू शिकवलंस म्हणून..."

"मला शिव्या दे. नंतर दे. मुलाला अंगणात सोडू नको, अंथरूण उचलून ठेव, बूट आपटून घाल. काही झालं तर दिवा बघू नको, पोर बघ आणि गाडी बोलाव. आता काढ. मी फोन धरून आहे."

आधी तिची पावलं, मग शौर्यचं कुरकुरणं, झोपेतून उठवल्यासारखं. "हात दे, बाळा." तो रडायला लागला. रेवा पलंगावर उठून बसली आणि फोनकडे बघत राहिली.

"काढली," सुप्रिया म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "राजाला बांधते. अजून कुणाला सांगितलंस?"

"तू पहिली."

"मग शर्वरीला आधी कर. तिने जुळ्यांपैकी एकालाच बांधलीय."

मी शर्वरीचा नंबर लावला.